संत पीटरचा अंगठा

रविवारची मिस्सा संपली की मी वसईतल्या आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत सातवी-आठवीच्या मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो. पगार नाही, परीक्षा नाही, आणि मुलांना घरी जाऊन जेवायची घाई. गोष्ट रंगली तरच वर्ग टिकतो.

गेल्या उपवासकाळात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. पापलेटसारखा चपटा, पण तोंडाने रागीट मासा. रंग पिवळसर, पाठीवर लांबलचक काटे आणि अंगाच्या बरोबर मधोमध एक काळा गोल डाग. खाली मजकूर होता : हाच तो मासा, ज्याच्या तोंडातून संत पीटरने नाणं काढलं. काळा डाग म्हणजे त्यांच्या अंगठ्याचा ठसा. निसर्गसुद्धा शुभवर्तमानाची साक्ष देतो. पुढे पाठवा.

मी पुढे पाठवलं नाही. त्याहून वाईट केलं, वर्गात शिकवलं. मोबाईल हातोहात फिरला. मुलं डाग झूम करून बघत होती आणि मी खुशीत होतो.

मग कोळीवाड्यातल्या एका मुलीने हात वर केला. “सर, ते गालीलचं तळं गोड्या पाण्याचं ना?”

“हो.”

“मग हा तिथे कसा? हा समुद्रातला वाटतो.” शेजारच्या मुलाने तेवढ्यात शोधून वाचून दाखवलं की मासा खरंच समुद्रातलाच आहे. मुलीने सरळ विचारलं, “म्हणजे तुम्ही सांगितलं ते खोटं?”

तिचे वडील बोटीवर जातात. खाऱ्या आणि गोड्या पाण्यातला फरक तिला कोणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती. मी म्हटलं, “बघून सांगतो.” हे बघणं पुढे काही महिने चाललं.

०

आधी मूळ गोष्ट बघू. ती चार शुभवर्तमानांपैकी फक्त मत्तयच्या पुस्तकात आहे, 17व्या अध्यायाच्या शेवटी. कफर्णहूम गावात मंदिराचा कर गोळा करणारे लोक पेत्राकडे, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या संत पीटरकडे येतात. तुमचे गुरुजी कर भरतात ना, असं विचारतात. तो हो म्हणून घरात जातो. त्याने तोंड उघडण्याआधीच येशू त्याला उलट विचारतो : राजे कर कोणाकडून घेतात, स्वतःच्या मुलांकडून की परक्यांकडून? परक्यांकडून, पेत्र म्हणतो. म्हणजे मुलं मोकळी, येशू म्हणतो. तरीही या लोकांना उगाच दुखवायला नको. तळ्यावर जा, गळ टाक, पहिला जो मासा येईल त्याचं तोंड उघड. त्यात नाणं सापडेल, ते आपल्या दोघांच्या वतीने भर.

गोष्ट इथे संपते. अंगठा नाही, ठसा नाही, माशाचं नाव नाही. एवढंच काय, पेत्र तळ्यावर गेला, मासा मिळाला, नाणं निघालं, यातलं काहीच मत्तय लिहीत नाही. येशूने सांगितलं, एवढ्यावर अध्याय थांबतो. मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकतोय, कित्येकदा वाचलीय. पेत्राच्या हातातला फडफडणारा मासा मला स्वच्छ दिसायचा. तो पानावर नव्हताच.

आता फोटोतला मासा. इंग्रजीत त्याला जॉन डोरी म्हणतात. फ्रेंच लोक ‘सँ-प्येर’, इटालियन ‘सान प्येत्रो’, जर्मन ‘पेटर्सफिश’ म्हणतात. सगळ्यांचा अर्थ एकच, पीटरचा मासा. भूमध्य समुद्रात आणि अटलांटिकच्या पूर्व किनाऱ्यावर तो सापडतो, आणखी दूरच्या समुद्रांतही आहे. मांस पांढरं, घट्ट, जवळजवळ बिनकाट्याचं. डोकं मात्र एवढं मोठं की साफ केल्यावर हातात फार थोडं उरतं, म्हणून भाव चढा. मार्सेय शहरातला बुयाबेस नावाचा माशांचा रस्सा कसा करावा, याची तिथल्या हॉटेलवाल्यांनी 1980 साली एक सनद केली. त्यात चालणाऱ्या माशांच्या यादीतही सँ-प्येरचं नाव आहे.

त्याचा डाग ही शिकारीच्या आणि बचावाच्या कामाची गोष्ट. समोरून बघितलं तर हा मासा इतका पातळ असतो की लहान माशांना तो येतोय हे उशिरा कळतं. जवळ पोचल्यावर दुमडलेला जबडा नळीसारखा बाहेर येतो आणि सावज आत ओढलं जातं. कोणी मोठा त्याच्यावर चालून आला तर तो अंग आडवं करतो आणि तो काळा डाग मोठ्या डोळ्यासारखा पुढे येतो. पोहण्यात तो काही चपळ नाही, त्यामुळे ही युक्ती त्याला लागते.

गालीलचा ‘समुद्र’ म्हणजे सुमारे 21 किलोमीटर लांब गोड्या पाण्याचं तळं, समुद्रसपाटीपेक्षा 200 मीटरहून खाली. तिथे जॉन डोरी असणं शक्य नाही. मुलीचं बरोबर होतं.

तिथल्या हॉटेलांत मात्र आजही ‘सेंट पीटर्स फिश’ मिळतो, पण तो वेगळाच मासा. अरबीत त्याला ‘मुश्त’ म्हणतात, म्हणजे फणी, पाठीवरच्या काट्यांमुळे. तो तिलापियाच्या कुळातला. उजनीच्या काठी जी चिलापी विकतात, तिचा हा गालीलमधला भाऊबंद. हा मासा अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळतो, त्यामुळे ‘तोंडात नाणं’ ही गोष्ट त्याला छान चिकटते.

पण त्यातही खोट आहे. त्याच तळ्याच्या काठी मासेमारी करून तिथल्या जुन्या जाळ्यांचा, नांगरांचा आयुष्यभर अभ्यास केलेले मेंडेल नून यांनी एक साधा मुद्दा मांडला. मुश्त पाण्यातलं बारीक शेवाळ आणि प्लवक खातो, गळाला लागत नाही. मत्तयच्या गोष्टीत तर गळच आहे, जाळं नाही. गळाला येतो तो बार्बेल जातीचा मिशीवाला मासा. पण तो ताटात मुश्तइतका देखणा दिसत नाही, आणि यात्रेकरूंना ताट लागतं.

म्हणजे एका तळ्यातल्या एका माशासाठी दोन दावेदार झाले. इंग्लंडमध्ये तिसरा निघाला, हॅडॉक. त्याच्याही खांद्यापाशी काळा डाग असतो, आणि तिथल्या लोकांनी तोही पीटरचाच ठसा ठरवला. 18व्या शतकातला निसर्ग-अभ्यासक थॉमस पेनंट याने हा हॅडॉक आणि डोरीमधला मानाचा वाद थट्टेच्या सुरात नोंदवून ठेवला आहे. ठसा पीटरचा नाहीच, बाळ येशूला खांद्यावर घेऊन पाणी ओलांडणाऱ्या संत ख्रिस्तोफरचा आहे, असंही सांगणारे होते. ग्रीक कोळी तर याला ‘ख्रिस्तोप्सारो’ म्हणतात, थेट ख्रिस्ताचा मासा.

०

मुलीला इतकं सांगून मोकळं होता आलं असतं : हो, ते खोटं होतं. पण मला दुसरा प्रश्न छळायला लागला. हे कोणी आणि का केलं असेल?

माझ्या अंगणात कुंपणावर कृष्णकमळाचा वेल आहे. शेजारच्या काकू लहानपणी आम्हाला फूल उलगडून दाखवायच्या : या बाहेरच्या जांभळ्या तंतूंचे शंभर कौरव, हे पाच पांडव, वर ब्रह्मा-विष्णू-महेश आणि मधे कृष्ण. माझी आजी तेच फूल हातात घेऊन सांगायची : हा काट्यांचा मुकुट, या पाच जखमा, हे तीन खिळे. दोघी एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना उभ्या असायच्या आणि त्यांचं कधी भांडण झाल्याचं मला आठवत नाही.

कृष्णकमळ मूळचं दक्षिण अमेरिकेकडचं. तिथे गेलेल्या मिशनऱ्यांनी त्यात ख्रिस्ताचं दुःखसहन पाहिलं, चित्रं रोमला पाठवली. 1610 साली जाकोमो बोसिओ याने क्रूसावरच्या आपल्या ग्रंथात या फुलाचं वर्णन छापलं आणि ते युरोपभर प्रवचनाचं फूल झालं. नंतर वेल आपल्याकडे आला आणि इथल्या लोकांनी त्यात महाभारत पाहिलं. फुलाला यातलं काहीच माहीत नाही.

ज्यांना अक्षरं येत नाहीत त्यांना गोष्ट सांगायची तर ती रोज दिसणाऱ्या वस्तूवर टांगावी लागते. कोळ्याला माशावर, माळ्याला फुलावर. पुढे प्रवचनकार घरी गेला तरी मासा बाजारात राहतो, आणि प्रत्येक वेळी मासा दिसला की गोष्ट आठवते. धर्मप्रसाराचं हे फार जुनं कसब आहे. वसईच्या बाजारात आजी खेकडे घ्यायची तेव्हा पाठीवर क्रूसासारखी खूण असलेला खेकडा उचलून मला दाखवायची. फ्रान्सिस झेवियर 1546 च्या सुमारास मोलुकास बेटांकडे असताना वादळात त्यांचा क्रूस समुद्रात गेला आणि किनाऱ्यावर एका खेकड्याने तो नांग्यांत धरून परत आणला, अशी ती कथा. घटनेनंतर अनेक वर्षांनी, झेवियरना संत ठरवण्याच्या चौकशीत एका साक्षीदाराने ती सांगितली. आजीला साक्षीदाराशी घेणं नव्हतं. तिला मला बाजारात थोडा वेळ गप्प बसवायचं होतं, आणि देव समुद्रातही असतो एवढं सांगायचं होतं.

०

या कसबाची एक मोठी बाजू आहे आणि एक अंधारी.

601 साली पोप पहिला ग्रेगरी याने इंग्लंडला निघालेल्या मेलिटस नावाच्या धर्मगुरूला पत्र लिहिलं. त्याचा आशय असा : लोकांची जुनी देवळं पाडू नका. आतल्या मूर्ती काढा, पवित्र पाणी शिंपडा, आणि त्याच जागी त्यांना येऊ द्या. त्यांचे बळीचे सणही एकदम बंद करू नका, संतांच्या नावाने तिथेच जेवणावळी होऊ द्या. जागा तीच, सण तोच, नाव नवं.

आमच्या मासळीचंही असंच काहीसं झालं. पीटरच्या पुष्कळ आधी हा मासा मानाचा होता. इसवी सन 77 च्या सुमारास लिहिलेल्या ‘नैसर्गिक इतिहासा’त प्लिनी सांगतो की कुठल्या गावी कुठला मासा श्रेष्ठ मानतात ते ठरलेलं असतं, आणि गादेसला, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या कादिसला, तो मान ‘झेउस’ ऊर्फ ‘फाबेर’ या माशाचा. फाबेर म्हणजे कारागीर. 1758 साली लिनियसने हीच दोन नावं जोडून शास्त्रीय नाव केलं, झेउस फाबेर. देव झ्यूसशी माशाचा संबंध असल्याचं प्लिनी कुठे म्हणत नाही; नाव जुळलं आणि लोकांनी तो जोडला. तरी गंमत बघा, शास्त्राच्या वहीत ज्याचं नाव झ्यूस, तो बाजारात पीटरचा.

ग्रेगरीचा सल्ला सगळीकडे पाळला गेला नाही, हे आम्हा पश्चिम किनाऱ्यावरच्या लोकांना सांगायला नको. पोर्तुगीजांच्या गोव्यात देवळं राहिली नाहीत, ती पाडली गेली. 1560 साली तिथे इन्क्विझिशन आलं. त्याच गोव्यात 1579 साली थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट उतरला, इथली भाषा शिकला, आणि 1616 साली रायतूरला मराठी ओव्यांतलं ‘क्रिस्तपुराण’ छापलं. त्यात स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द येतो. एका हाताने पाडणं आणि दुसऱ्या हाताने जपणं, दोन्ही एकाच काळात, एकाच मुलखात चाललं होतं. मी ज्या भाषेत प्रार्थना करतो ती त्या दुसऱ्या हातामुळे टिकली, आणि पहिल्या हाताचा हिशेब मला टाळता येत नाही.

म्हणून ‘निसर्गसुद्धा साक्ष देतो’ हे वाक्य मला आता खटकतं. आजीने खेकड्यावर गोष्ट टांगली, ती खुंटी होती. फॉरवर्डने माशावरचा डाग पुरावा म्हणून दिला. खुंटीने माणूस गोष्टीपाशी येतो. पुरावा दाखवला की समोरच्याने मान डोलवावी एवढीच अपेक्षा उरते, आणि पुरावा खोटा निघाला की गोष्टही त्याच्याबरोबर जाते. त्या मुलीच्या बाबतीत नेमकं हेच होणार होतं.

०

पण सगळ्यात मोठं नुकसान वेगळंच. आपण सगळे अंगठ्याकडे बघत बसलो आणि नाण्याकडे कोणी बघितलंच नाही.

मंदिराचा कर दरडोई अर्धा शेकेल, म्हणजे दोन द्राख्मा होता. माशाच्या तोंडातलं नाणं ‘स्टॅटर’, म्हणजे चार द्राख्मा, बरोबर दोघांचा कर. यरुशलेमचं मंदिर हा कर तूर (टायर) शहरातल्या चांदीच्या नाण्यांत घेत असे, कारण त्यातली चांदी भरवशाची. त्या नाण्यावर एका बाजूला गरुड आणि दुसऱ्या बाजूला तूरचा देव मेलकार्त याचं डोकं. ज्या मंदिरात मूर्तीला जागा नव्हती, त्याचा कर परक्या देवाचा चेहरा असलेल्या नाण्यात भरला जायचा.

आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते मत्तयचं पुस्तक लिहिलं गेलं 80 ते 90 च्या दरम्यान. तोवर ते मंदिरच उरलं नव्हतं. 70 साली रोमन सेनापती टायटसने ते उद्ध्वस्त केलं. त्याचा बाप, सम्राट व्हेस्पासियन, याने कर बंद केला नाही. तेच दोन द्राख्मा प्रत्येक यहुद्याने भरायचे, फक्त आता रोममधल्या ज्युपिटरच्या देवळासाठी. (प्लिनीने आपला तो ग्रंथ अर्पण केला तोही याच टायटसला.)

आता ही गोष्ट ऐकणारा पहिला माणूस डोळ्यांपुढे आणा. त्याचं मंदिर जळालंय. जाळणाऱ्याच्या देवासाठी त्याच्याकडून दरवर्षी पैसे घेतले जातात. भरायचे की नाही? भरले तर देवाशी गद्दारी, नाही भरले तर बायकामुलांवर संकट. त्याला मत्तय सांगतो : तू मोकळा आहेस. कर भरलास म्हणून गुलाम होत नाहीस. भर, पण कोणाचा मुलगा आहेस हे विसरू नकोस. पैशाची सोय तळ्यातून होईल, तू रोज जातोस त्याच पाण्यातून, तुझ्याच गळाने.

जिंकलेल्या माणसाला हरलेल्यांकडून पैसे हवे असतात, आणि त्याबरोबर त्यांची मानसुद्धा वाकलेली हवी असते. पैसे देऊन मान कशी राखायची, हा या गोष्टीतला प्रश्न आहे. तो अर्नाळ्यापासून कादिसपर्यंत कुठल्याही बंदरावरच्या माणसाला कळेल. त्यासाठी माशावर डाग असण्याची गरज नाही.

०

पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, मासेमारीला बंदी. 29 जून हा संत पीटर आणि संत पॉल यांचा सण. गोव्यात बार्देशातल्या कांदोळीसारख्या गावांत त्या दिवशी होड्या एकमेकींना बांधून तरता मंच करतात, ‘सांगोड’, आणि त्यावर गाणीबजावणी होते. आमच्याकडे सांगोड नाही, पण त्या आठवड्याच्या वर्गाला कोळीवाड्यातली सगळी मुलं हजर होती, कारण बोटीवर कोणाला काम नव्हतं.

मी मोबाईल खिशातच ठेवला. म्हटलं, “मागे मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. तो मासा त्या तळ्यात नसतो. त्याच्यावर अंगठा नाही, मोठ्या माशांना घाबरवायला असलेला डाग आहे.” मग बायबल काढून त्या चार ओळी एकेकाला वाचायला लावल्या.

त्या मुलीने शेवटची ओळ दोनदा वाचली. “सर, मासा मिळाला का, हे लिहिलंच नाही.”

“नाही लिहिलं.”

“मग त्यांनी पैसे भरले कसे?”

“तुला काय वाटतं?”

तिने थोडा विचार केला. “मासा विकून असेल. तोंडात नाणं म्हणजे तेच ना. पप्पा पण म्हणतात, आपला पैसा माशाच्या तोंडात.”

मी अभ्यासकांची बरीच पुस्तकं चाळली होती. हे उत्तर काहींनी मांडलेलंही आहे. पण त्यांच्यापैकी कोणाच्या घरी बोट नसावी. मी फळ्यावर तिचं वाक्य लिहिलं आणि त्या दिवशी वर्ग जेवणाची वेळ टळून गेली तरी चालू राहिला.